प्रार्थना व मनाचें स्वास्थ्य

"गुरुजी, डोळे मिटून प्रार्थना केल्यानें मेंदूंत खरोखर कांहीं पालट होतो काय?" असें एका विद्यार्थ्यानें परीक्षेच्या दिवसांत मला विचारिलें. प्रश्न प्रामाणिक होता. म्हणून त्याचें उत्तर सर्व विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस येथें सादर करीत आहें.

अशा गोष्टींची शास्त्रीय तपासणी आपल्या महाराष्ट्रांत फार पूर्वींच सुरू झाली. स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा शरीरावरील परिणाम यंत्रांनीं तपासण्याचा परिपाठ घातला. पुढें २००१ सालीं इटलींतील संशोधकांनीं २३ निरोगी माणसांकडून लॅटिन भाषेंतील 'नमो मारिया' ही प्रार्थना व एक योगमंत्र म्हणवून घेतला. दोन्ही वेळीं श्वास मंदावून मिनिटास सुमारें सहावर आला आणि हृदय व रक्तदाब यांचा मेळ सुधारला. अमेरिकेंत २००३ सालीं तीन फ्रान्सिस्कन भगिनींची तपासणी प्रसिद्ध झाली. तींत प्रार्थनाकाळीं मेंदूच्या पुढील भागाचा रक्तपुरवठा वाढलेला आढळला. तिघींवरून सिद्धांत ठरत नाहीं. तरी त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नास 'होय' म्हणावयास आधार आहे.

हे शोध आनंदाचे खरे. परंतु त्यांवरून प्रार्थनेस सर्व रोगांचें औषध समजूं नये. माझ्याच हातून एकदां ही चूक घडली. एक मुलगा कित्येक आठवडे उदास असे. झोप नाहीं, जेवण नाहीं, पुस्तकाकडे लक्ष नाहीं. "रोज प्रार्थना कर, धीर येईल," एवढें सांगून मीं आपलें कर्तव्य संपलें असें मानिलें. अखेर त्याच्या आईनें त्यास भंडाऱ्यास डॉक्टरांकडे नेलें आणि औषधोपचारानें तो सावरला. त्या अल्पशिक्षित माउलीला जें उमगलें तें मला, पदवीधराला, उमगलें नाहीं, याची खंत मला आजहि वाटते.

शुभवर्तमानकार लूक हा वैद्य होता, हें आम्हां ख्रिस्ती लोकांनीं तरी विसरूं नये. प्रार्थना व औषध यांचा कलह त्यानें मानिला नाहीं. मग आपण तो कां उत्पन्न करावा?

पालकहो, मूल बरेच दिवस खिन्न दिसल्यास त्याच्यासाठीं प्रार्थना अवश्य करा, आणि विलंब न करितां त्यास डॉक्टरांकडेहि न्या. विद्यार्थिमित्रांनो, रोज दहा मिनिटें शांत बसून ईश्वरचिंतन करा. मात्र मनावरचा भार असह्य झाला, तर तो देवाला सांगितल्यावर घरींहि सांगा.