शपथेला औषधाची जोड

आषाढांत माळ घातली, कार्तिकांत तुटली; देवापुढें शपथ वाहिली, बाजाराच्या दिवशीं मोडली. ज्या घरांत दारू शिरली आहे, तेथील बायकापोरांस ही हकीकत आम्हीं सांगावयास नको. गांवकरी म्हणतात, 'त्याच्या अंगांत दमच नाहीं.' गांवकरी चुकतात.

वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय जडते. ती एकदम तोडली, तर पहिल्या दिवशींच हात कांपूं लागतात. कित्येकांस दोन दिवसांत फेंफरें येतें, आणि कांहींस दोन-चार दिवसांनीं भ्रम होऊन भिंतीवर नाहीं नाहीं तें दिसूं लागतें. घरचीं माणसें बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे धांवतात, आणि तेवढ्या वेळांत माणूस दगावूंही शकतो. हा रोग आहे, बाधा नव्हे. डॉक्टर डायझेपामसारखी गोळी मोजून देतात, रोज कमी करीत कांहीं दिवसांत बंद करतात, सोबत बी-1 जीवनसत्त्व देतात. म्हणून रोज पिणाऱ्यानें घरच्या घरीं एकदम सोडण्याचें धाडस करूं नये. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराचे डॉक्टर असतात, त्यांस आधीं गांठावें.

पुढें महिनोन् महिने ओढ छळते. तिच्यावर नाल्ट्रेक्सोन व अकॅम्प्रोसेट हीं औषधें आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें 2023 सालीं तीं अत्यावश्यक औषधांच्या यादींत घातलीं. तिसरें डायसल्फिराम. तें घेणारा दारू प्यालाच, तर तोंड लाल होतें, छाती धडधडते, वांत्या होतात. ह्या तिसऱ्याबद्दल मायबहिणींस हात जोडून विनंती आहे कीं, नवऱ्याच्या आमटींत चोरून घालावयाची पूड कोणी विकूं लागला तर ती घेऊं नये. तींत काय आहे तें विकणाराच जाणे! डायसल्फिराम असलें, आणि बेसावध माणूस वर दारू प्याला, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेततें. हें औषध पिणाऱ्यास सांगून, त्याच्या संमतीनें, हृदय व यकृत तपासूनच द्यावयाचें असतें.

कोणी म्हणेल, गोळी मिळाली, मग समजावणी कशाला? बैलाचा खांदा आला म्हणजे आपण मलम लावतों. पण जूंच वांकडें असेल तर? डोक्यावरचें कर्ज, रिकामी संध्याकाळ, तेच सोबती, हें जूं गोळीनें सरळ होत नाहीं. पुण्याच्या मुक्तांगणांत 1986 पासून हें काम चाललें आहे. तेथें औषधोपचार होतो, आणि समुपदेशक पिणाऱ्याशीं व घरच्यांशीं बोलतात. त्यांत स्वतः व्यसनांतून सुटलेलेही आहेत. त्यांच्यापुढें थाप चालत नाहीं.

उलट बाजूचे अभिमानी म्हणतात, गोळी घेऊन सोडली ती कसली सोडली! त्यांनीं मोडलेल्या हाताची फळी काढून टाकून पाहावी.

एखादे वेळीं पाय घसरला, तर घरच्यांनीं त्याला बाहेर न काढतां पुन्हा त्याच डॉक्टरांकडे न्यावें. आणि रोज किती पितो, शेवटची केव्हां प्याला, हें लाज न धरतां खरें सांगावें.