फ्रिजला स्टार, फ्लॅटला काय?

पंचवीस हजारांचा फ्रिज घेताना आपण दारावरचं स्टिकर वाचतो. किती स्टार, वर्षाला किती युनिट. एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर ते जानेवारी २०१० पासून सक्तीचं आहे. बाईकला पीयूसी लागतं. आणि ज्या फ्लॅटसाठी वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतो त्याला? ठणठण गोपाळ! एसी पाच स्टारचा, पण खोलीची भिंत पश्चिमेला, खिडकीवर छज्जा नाही आणि वर तापलेला स्लॅब. मग तो पाच स्टारवाला रात्रभर घरघरतो आणि बिल आपण भरतो.

कायदाच नाही, असं नाही हो. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये ईसीबीसी संहिता आली, घरांसाठी डिसेंबर २०१८ मध्ये इको-निवास संहिता आली आणि २०१९ मध्ये बीईईने घरांसाठीही स्टार लेबल काढलं. पण लेबल ऐच्छिक. संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटसाठी, तीही राज्याने आणि पालिकेने स्वीकारली तर. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आल्या, पण १०० किलोवॅट जोडभाराची अट आहेच. शिवाय हे सगळं नव्या बांधकामाच्या परवानगीपाशी संपतं. उभ्या इमारतीतला फ्लॅट विकताना किंवा भाड्याने देताना महाराष्ट्रातल्या मालकाला ऊर्जेचा दाखला कधी लागतो? कधीच नाही.

माझं भांडण नेमकं इथे आहे. दाखला पैसे हातात पडण्याच्या क्षणी मागायला हवा, कारण त्या एका क्षणीच मालकाला समोरच्याची गरज असते. युरोपने हे ओळखलं. २००२ च्या निर्देशाने इमारत बांधताना, विकताना आणि भाड्याने देताना दाखला दाखवणं मालकावर टाकलं. २०१० च्या सुधारित निर्देशाने श्रेणी थेट जाहिरातीत छापायला लावली. इंग्लंडमध्ये तर एप्रिल २०१८ पासून 'ई'पेक्षा खालच्या श्रेणीचं घर, काही अपवाद सोडले तर, नव्या भाडेकरूला देताच येत नाही. आपल्या जाहिरातीत मात्र क्लबहाऊस, जिम आणि 'फाइव्ह मिनिट्स फ्रॉम एक्स्प्रेसवे'.

"अहो, इथे कोण पाळणार?" हा नेहमीचा सूर. पाळायला लावायची युक्ती आपल्याच कायद्यात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. आणि तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. झकास कलम आहे राव! त्याला एक पोटकलम जोडा: ऊर्जेचा दाखला नसेल तर घर तापतं हे भाडेकरूचं म्हणणं खरं. इन्स्पेक्टर नको, छापे नकोत. मालक आपोआप दाखला काढून आणेल.

दुसरा सूर: पीयूसीसारखं हेही शंभर रुपयांत मिळेल. मिळेलही. पण गाडीचा धूर हवेत विरून जातो, भिंत आणि खिडकी जागची हलत नाही. खोटा दाखला दुसऱ्या दिवशी टेप घेऊन पकडता येतो. इको-निवास संहितेत मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेसाठी कार्पेट एरियाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतक्या खिडक्या उघडता आल्या पाहिजेत, असं आहे. आता आपली दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी आठवा. ती जन्मात अर्ध्याच्या वर उघडत नाही. मोजा आणि भागा, सहावीतलं गणित आहे.

आता खरा किचकट मुद्दा: दाखल्यात मोजायचं काय? बीईईने २००९ मध्ये ऑफिस इमारतींना स्टार द्यायला सुरुवात केली, ती वर्षाच्या प्रत्यक्ष वीजवापरावरून, दर चौरस मीटरला किती युनिट. आयटी पार्कला ते ठीक. पण तीच फूटपट्टी नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याला लावून बघा. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं हे गाव. मे महिन्यात पारा चाळिशीपार. तिथे पत्र्याच्या घरात एक पंखा आणि दोन दिवे. युनिट मोजाल तर घर पाच स्टारचं! दुपारी आत बसवत नाही म्हणून माणसं झाडाखाली जातात, ते कुठल्या मीटरमध्ये येणार? बिल कमी म्हणजे घर चांगलं, हे मोजमाप गरिबाच्या घामाला बचत समजतं. इंग्लंडमध्ये दोन वेगळे दाखले आहेत: घरांना बांधणीवरून काढलेला, आणि मोठ्या सरकारी इमारतींना प्रत्यक्ष वापरावरून काढलेला, तो दर्शनी भागात लावायचा. आपल्या घरांना बांधणीवरचाच हवा. भिंत, छत, काच, सावली.

आणि त्या हिशेबात या भागातलं जुनं घर, शेणमातीने लिंपलेलं कुडाचं, वर कौलं, अनेक टॉवरांना लाजवेल. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पावसाळ्याआधी कौलं शाकारायची कटकट असते, कुडाला वाळवी लागते, म्हणून लोक पत्रा आणि स्लॅबकडे वळतात. त्यात त्यांची चूक काढायला मी कोण? पण इको-निवास संहिता छतातून जाणाऱ्या उष्णतेची मर्यादा १.२ ठेवते आणि उघड्या काँक्रीट स्लॅबचा तो आकडा त्याच्या दुपटीहून जास्त असतो. पत्र्याचं तर विचारूच नका.

"तिथे घर विकतं कोण, भाड्याने देतं कोण?" बरोबर. आदिवासी जमिनीचे व्यवहार तर कायद्यानेच बांधलेले आहेत. विक्रीच नाही तर दाखला मागायचा कुठे? पण पैसे तिथेही हात बदलतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत घरकुलाचे पैसे हप्त्याहप्त्याने खात्यात येतात, आणि त्यासाठी बांधकामाच्या टप्प्यांचे जिओ-टॅग केलेले फोटो अपलोड करावे लागतात. पाया झाला, फोटो. छत झालं, फोटो. म्हणजे यंत्रणा तयार आहे, मोबाइल आहे, माणूस घरापर्यंत जातोय. त्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा: छत कशाचं, त्यावर चुना, चायना मोझॅक किंवा कौल आहे का, खिडक्या समोरासमोर आहेत का. आणि उत्तर 'नाही' आलं तर हप्ता अडवू नका, उलट चुन्याचे आणि कौलांचे जादा पैसे त्याच हप्त्यात द्या.