पडत्या काळांतले सोबती

हरणाऱ्या संघाचा पक्ष जन्मभर न सोडणारा मनुष्य शहाणा म्हणावा कीं वेडा? परदेशांतील फुटबॉलचे सामने पाहण्यासाठीं रात्र रात्र जागणारीं मुलें आतां बहुतेक घरांत आहेत; तेव्हां वडील मंडळींचा हा प्रश्न वाचकांस अपरिचित नसावा. त्याचें उत्तर देत न बसतां बर्लिन शहराच्या पूर्वेकडील कोपेनिक भागांतल्या एका संघाची हकीकत सांगतों.

युनियन बर्लिन हें त्या संघाचें नांव. त्याचें मूळ १९०६ सालापर्यंत जातें. आजच्या स्वरूपांत तो १९६६ सालीं उभा राहिला. हा कारखान्यांतील कामगारांचा संघ, म्हणून ‘लोखंडी युनियन’ हीच त्याची आरोळी. पूर्व जर्मनीच्या राजवटींत गुप्त पोलिसांचा वरदहस्त होता तो डायनॅमो या दुसऱ्या संघावर. त्यानें १९७९ पासून १९८८ पर्यंत ओळीनें दहा अजिंक्यपदें मिळविलीं. युनियनच्या वांट्यास आला तो १९६८ सालचा एक चषक!

पुढें जर्मनी एक झाली, पण संघाची ददात कांहीं सरली नाहीं. २००४ सालीं तर तिसऱ्या श्रेणींत खेळण्याच्या परवान्यापुरतेंहि द्रव्य तिजोरींत उरलें नव्हतें. तेव्हां चाहत्यांनीं रक्तपेढीची वाट धरली. तिकडे रक्त देणाऱ्यास अल्पसा मोबदला मिळतो. तो त्यांनीं संघाच्या हवालीं केला. संघासाठीं रक्त सांडण्याची भाषा पुष्कळ बोलतात, पण ती इतक्या अक्षरश: क्वचितच कोणी खरी केली असेल. आणि एवढें करून पदरांत काय पडलें? पुढच्याच वर्षीं संघ घसरून चौथ्या श्रेणींत गेला.

नंतर मैदानाची पाळी आली. पायऱ्या मोडकळीस आलेल्या, दुरुस्तीस पैसा नाहीं. २००८ च्या उन्हाळ्यापासून वर्षभर दोन हजारांहून अधिक माणसें तेथें विनावेतन राबलीं. त्यांच्या श्रमांची बेरीज सुमारे १,४०,००० तास भरली. सुटीचे दिवस सिमेंटमातींत घालविणाऱ्या या गृहस्थांच्या घरीं काय बोलणीं झालीं असतील, तीं आमच्या वाचक भगिनींनींच ओळखावीं.

या मंडळींचे दोन नेम प्रसिद्ध आहेत. शेवटची शिटी होईपर्यंत मैदान सोडावयाचें नाहीं, आणि आपल्या खेळाडूची कितीहि चूक झाली तरी त्याची हुर्यो उडवावयाची नाहीं. यांपैकीं दुसरा नेम मला फार कठीण वाटतो. परीक्षेंत नापास झालेल्या मुलाच्या बाबतींत तो आपल्यापैकीं किती घरांत पाळला जातो?

२०१९ च्या मे महिन्यांत स्टुटगार्टशीं झालेल्या दोन्ही लढती बरोबरींत सुटल्या, आणि परक्या मैदानावर केलेल्या गोलांच्या जोरावर युनियननें प्रथम श्रेणी गांठली. त्या श्रेणींतला पहिला सामना १८ ऑगस्ट रोजीं लाइपझिगच्या संघाशीं घरच्याच मैदानावर झाला. त्या दिवशीं खेळ सुरू होण्यापूर्वीं प्रेक्षकांनीं साडेचारशेंहून अधिक माणसांचीं मोठीं छायाचित्रें हातांत उंच धरलीं. जन्मभर या दिवसाची वाट पाहून, तो येण्याआधींच जगाचा निरोप घेतलेले ते जुने चाहते होते. कोणाचा बाप, कोणाचा मित्र. आपण पितृपक्षांत पितरांना घरीं बोलावतों. या लोकांनीं त्यांना सामन्यास नेलें. युनियन तो सामना चार गोलांनीं हरला, हें सांगावयाचें राहिलेंच.

पुढें चारच वर्षांत, २०२३ सालीं, संघ देशांत चौथा आला आणि युरोपांतील श्रेष्ठ संघांच्या पंक्तीस बसला. पण स्वत:च्या हातांनीं बांधलेलें मैदान त्या सामन्यांस लहान पडलें, म्हणून घरचे सामने शहराच्या पश्चिमेकडील ऑलिंपिक मैदानावर भरवावे लागले. सहा लढतींत दोन बरोबरींत सुटल्या, चार हरल्या, विजय एकहि नाहीं. कोपेनिकची मंडळी मात्र दर सामन्यास गाडीनें शहर ओलांडून त्या परक्या मैदानावर जात राहिली, आणि शेवटच्या शिटीपर्यंत उभी राहिली.