तारखांची यादी म्हणजे आराखडा नव्हे

१/ कोकण रेल्वेची पायाभरणी १९९० साली रोह्यात झाली. पेण, नागोठणे, कोलाड या गावांवरून जाणाऱ्या महामार्गाचे पनवेल–इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. रेल्वेमार्ग सुमारे ७४० किलोमीटरांचा, हा रस्ता अवघा ८४. रेल्वे १९९८ साली सलग धावू लागली. रस्त्याची २०१४ ची मुदत उलटल्यावरही दशकभर कामे रेंगाळत राहिली.

२/ दोष पावसाला देण्याची प्रथा आहे. ती टिकणारी नाही. पाऊस रेल्वेच्या बांधकामावरही पडला. शिवाय जो दरवर्षी जूनमध्ये येतो तो अपघात नव्हे. त्याची जागा वेळापत्रकातच असते.

३/ खरा दोष परस्परावलंबी कामांची साखळी न जोडण्याचा आहे. पेणच्या कारखान्यांत हे कुणाला शिकवावे लागत नाही. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, मग रंग चढतो, शेवटी डोळ्यांची आखणी होते. ओल्या शाडूवर रंग लावण्याचा मुहूर्त कोणताही कारागीर काढत नाही.

४/ या व्यवहारज्ञानाला शास्त्राचे रूप आले ते १९५७ च्या सुमारास. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत मांडली: ज्या साखळीतील एका दिवसाचा उशीर संपूर्ण प्रकल्पाला एक दिवस मागे ढकलतो, ती साखळी आधी शोधा.

५/ आजची प्रोजेक्ट सॉफ्टवेअरे हेच करतात. ‘आधीचे संपले की पुढचे सुरू’ असा दुवा जोडला, वाळण्यासाठीचा अवधी मध्ये घातला, की एक काम लांबताच पुढच्या तारखा आपोआप सरकतात. परंतु दुवे न जोडता रकान्यांत हाताने तारखा भरल्या, तर तक्ता वेळेवर दिसत राहतो आणि रस्ता चिखलात.

६/ महामार्गाचे नेमके हेच झाले. भूसंपादन आणि कर्नाळा अभयारण्यातील परवानगी ही आधीची कामे अपुरी असताना काम सुरू झाले. त्यानंतर ‘गणपतीपूर्वी रस्ता पूर्ण’ या घोषणा होत राहिल्या. त्या तारखा उत्सवाला जोडलेल्या होत्या, कामाला नव्हे.

७/ रेल्वेलाही विलंब झालाच, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. गोव्यातील पेडणे येथील सुमारे दीड किलोमीटरच्या बोगद्यात मऊ माती सतत ढासळत राहिली आणि सारा मार्ग त्याच्यासाठी खोळंबला. मात्र अडले कुठे, हे सर्वांना ठाऊक होते. महामार्गाच्या प्रवाशाला ते कधीच सांगितले गेले नाही.

८/ दुवे जोडल्याने बोगदा लवकर खणला जात नाही, जमीन लवकर मिळत नाही. पण प्रश्न कोणाला विचारायचा हे कळते. म्हणूनच नागरिकांनी पुढची तारीख मागू नये. त्या तारखेआधी काय पूर्ण व्हायला हवे आणि ते कोणाकडे अडले आहे, याचा हिशेब मागावा.