परदेशांतील घर आणि वडिलांचें नांव

विष्णुपुरीस १९८१ सालीं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. तेथें शिकून परदेशीं गेलेल्यांपैकीं कित्येक जण आतां तिकडे घरें घेऊं लागले आहेत, आणि इकडे नांदेडच्या माजघरांत एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. पैसा वडिलांनीं द्यावयाचा, तर घर कोणाच्या नांवावर करावयाचें?

प्रथम आपल्याकडील कायदा पाहूं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें येथें राहणाऱ्या प्रत्येकास एका आर्थिक वर्षांत अडीच लक्ष डॉलरपर्यंत रक्कम परदेशीं पाठवितां येते. घराची किंमत व आप्तास दिलेली देणगी दोन्ही या एकाच मर्यादेंत मोजतात. आईवडिलांनीं आपापल्या पैशांतून वेगवेगळी पाठविल्यास दोघांची मर्यादा स्वतंत्र धरतात. एप्रिल २०२५ पासून वर्षाकाठीं दहा लक्ष रुपयांवरील अशा रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ घेते. तो प्राप्तिकराच्या हिशेबांत वळता होतो, बुडत नाहीं. पैशासाठीं शेत विकावयाचें असेल, तर तें वडिलार्जित आहे काय, हें आधीं पाहावें. २००५ च्या दुरुस्तीनें मुलीही मुलांप्रमाणेंच जन्मतः हिस्सेदार झाल्या आहेत. त्यांस न विचारतां व्यवहार करूं नये.

तिकडचा कायदा देशोदेशीं निराळा. उदाहरणादाखल इंग्लंड घेऊं. तेथें सॉलिसिटर मालकीची नोंद व स्थानिक दप्तर तपासतो. करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही पक्ष मोकळे असतात. त्या वेळीं बहुधा किंमतीचा दहावा हिस्सा भरावा लागतो, आणि मग माघार फार महाग पडते.

समजा, तेथेंच राहणाऱ्या मुलानें आयुष्यांतील पहिलें घर स्वतः राहण्यासाठीं तीन लक्ष पौंडांस घेतलें. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनीं, एकट्याचें नांव असल्यास मुद्रांक शुल्क मुळींच नाहीं. प्रेमानें वडिलांचेंही नांव घातलें कीं पहिल्या घराची सवलत जाते व ५,००० पौंड लागतात. शिवाय वडिलांचें नांदेडचें घर चाळीस हजार पौंडांहून अधिक मोलाचें असल्यास ५ टक्के अधिक, आणि वडील तेथील रहिवासी नाहींत म्हणून आणखी २ टक्के. एकूण २६,००० पौंड!

नांव न घालावें, तर दुसरी कसोटी पुढें येते. मुलगा कर्ज काढीत असेल, तर कर्ज देणारी बँक सामान्यतः वडिलांकडून लेखी मागते कीं, ही रक्कम देणगी आहे, ती परत मागणार नाहीं, व घरावर आमचा हक्क नाहीं. जन्मभराची पुंजी देणाऱ्याच्या जिवास तें वाक्य लागल्यावांचून राहत नाहीं.

आमचें मत असें कीं, त्या पत्रावर सही करण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें. रक्कम खरोखर उसनी असेल, तर देणगीचें पत्र देऊं नये. देणगी असेल, तर इतर मुलांस त्याबद्दल काय मिळावयाचें, हें येथील मृत्युपत्रांत स्पष्ट लिहावें. आणि वडीलधाऱ्यांनीं राहतें घर व औषधपाण्यापुरता पैसा मात्र हातचा सोडूं नये. कारण तिकडे घर असल्यानें तेथें राहण्याचा परवाना मिळत नाहीं, मग तें घर मुलाच्या नांवावर असो कीं आपल्या.