तारे नकोत, इशारा छापा : अन्न सुरक्षा प्राधिकरणाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली

ऑक्टोबर २०२५

विषय : पाकिटाच्या दर्शनी बाजूवरचा इशारा, अकरा वर्षांपासून प्रलंबित.

महोदय,

दर्शनी लेबलावर आपल्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशी सादर करायला सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिलला आपल्याला तीन महिने दिले. जुलैत आपण आणखी तीन मागून घेतले. तेही सरले. पुढच्या मुदतवाढीचा अर्ज टाइप होत असेल, तर टाइप करणाऱ्याला जरा थांबायला सांगा आणि आधी हे वाचा.

आम्ही सरकारी दवाखान्यांच्या एनसीडी (असंसर्गजन्य आजार) क्लिनिकमध्ये आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागांत काम करणारी माणसं. गावात आशाताई टेपने कंबर मोजते, उपकेंद्रावरची सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) बोटाला टोचून शुगर बघते आणि पुढे पाठवलेला पेशंट आमच्यासमोर बसून सांगतो, "मी गोड खातच नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा." चहाबरोबर काय, असं विचारलं की बिस्किट निघतं. मारी नाहीतर डायजेस्टिव्ह. त्यात कुठली आलीय साखर, असं त्याला मनापासून वाटतं, कारण पाकिटावर गव्हाच्या ओंबीचं चित्र आहे आणि 'फायबर' हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे. हा माणूस खोटं बोलत नाही. त्याला कुणी खरं सांगितलेलं नाही. ते सांगण्याचं काम आपल्याकडे आहे.

आपल्या फायलीत सगळं असेलच, तरी एकदा ओळीने मांडतो. २०१४ मध्ये आपल्याच तज्ज्ञगटाने दर्शनी लेबलाची शिफारस केली. एप्रिल २०१८ मध्ये मसुदा आला : साखर, मीठ, चरबी मर्यादेबाहेर असेल तर लाल रंग. कंपन्यांनी आरडाओरड केल्यावर आपण तो बाजूला ठेवला आणि समिती नेमली. जून २०१९ मध्ये दुसरा मसुदा. त्याच डिसेंबरात सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने ३३ पदार्थ प्रयोगशाळेत तपासले आणि आपल्या मसुद्यातल्या मर्यादा लावल्या, तर ३३ च्या ३३ लाल निघाले. यातून कुणी म्हणेल, पदार्थ बदला. आपण काय केलं? डिसेंबर २०२० मध्ये लेबलांचे नवे नियम अधिसूचित केले आणि त्यातून दर्शनी लेबलच वगळलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये इशाऱ्याऐवजी पदार्थांना गुणांनुसार तारे देण्याचं ठरलं. सप्टेंबर २०२२ मध्ये ताऱ्यांचा मसुदा आला, त्यातही पहिली चार वर्षं सगळं ऐच्छिक. त्यावर १४,००० हून अधिक सूचना आल्या. जुलै २०२४ मध्ये आपण साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक अक्षरांत छापण्याचा प्रस्ताव मंजूर केला. प्रस्तावच तो. पाकिटावर तो अजून उमटलेला नाही.

मधल्या काळात बाजार काही थांबून राहिला नाही. २०११ ते २०२१ या दहा वर्षांत अतिप्रक्रियायुक्त पदार्थांची किरकोळ विक्री वर्षाला सरासरी १३.३७ टक्क्यांनी वाढली, असं जागतिक आरोग्य संघटना आणि इक्रिअर या दिल्लीतल्या संशोधन संस्थेचा २०२३ चा अहवाल सांगतो. हा अहवाल आपल्याला पटत नसेल, तर संसदेत मांडलेलं २०२४-२५ चं आर्थिक सर्वेक्षण उघडा. या पदार्थांचा खप २००६ मध्ये ९० कोटी डॉलर, २०१९ मध्ये ३,७९० कोटी डॉलर. त्याच सर्वेक्षणाने दर्शनी लेबलाचे कडक नियम मागितले आहेत. म्हणजे अर्थ मंत्रालयालाही हे कळलंय.

आमच्याकडे जे येतं त्याचेही आकडे आहेत. देशात १०.१ कोटी मधुमेही आणि आणखी १३.६ कोटी त्या उंबरठ्यावर, हे आयसीएमआरचं २०२३ चं गणित. देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के चुकीच्या आहारामुळे, हे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत छापलेलं आहे. पाच वर्षांखालच्या स्थूल मुलांचं प्रमाण चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.१ टक्के होतं, पाचव्यात ३.४ झालं. पाचव्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. अंगणवाडीत ज्या बाळाचं वजन भरत नाही, त्याच्या हातातही कुरकुरीत काहीतरी असतंच. पोट भरतं, पण पोषण होत नाही.

आता ताऱ्यांविषयी. आपल्या मसुद्यात साखर, मीठ, चरबी आणि ऊर्जेचे दोषगुण आहेत, आणि फळं, सुकामेवा, प्रथिनं, तंतू यांचे चांगले गुण त्यातून वजा होतात. म्हणजे साखर तेवढीच ठेवायची, वरून थोडा कोंडा आणि थोडी प्रथिन-पावडर घालायची, की तारा वाढतो. तुमच्या सूत्राने साखर कमी होत नाही, झाकली जाते. शिवाय अर्धा तारा म्हणजे 'खाऊ नका' असा अर्थ या देशात कोण लावणार आहे? आमच्या शाळेत नापास मुलाच्या पाटीवर बाई तारा काढत नसत.

हे आम्ही मनाने बोलत नाही. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था कुणाची? आपल्याच आरोग्य मंत्रालयाची. तिथल्या संशोधकांनी सहा राज्यांतल्या २,८६९ प्रौढांना वेगवेगळी लेबलं दाखवून बघितलं आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पदार्थात नेमकं काय जास्त आहे, हे कुठलंही लेबल नसताना ३९.१ टक्के लोकांना ओळखता आलं. तारे दाखवल्यावर ४५ टक्क्यांना. सरळ इशारा दाखवल्यावर ६०.८ टक्क्यांना. तपासलेल्या लेबलांत तारे सर्वांत मागे पडले. आणि त्याच वर्षी आपण तारे निवडले! याला योगायोग म्हणण्याएवढं सौजन्य आमच्यात उरलेलं नाही.

'माहिती मागच्या बाजूला आहेच' असं कंपन्या म्हणतात आणि आपणही मान डोलावता. मागची बाजू कुठल्या भाषेत असते? नियमाप्रमाणे इंग्रजी किंवा हिंदी पुरे, मराठी छापली तर छापली. वेष्टनाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल तर पोषणाचा तक्ताही माफ. तो घाऊक खोक्यावर असला की झालं. पानटपरीवर पोरगं पुडी विकत घेतं, खोकं नाही.

चिन्ह लोकांना कळत नाही, हे तर सांगूच नका. हिरवा ठिपका या देशातल्या अक्षरशत्रू आजीलाही कळतो. दुकानात ती पाकीट फिरवून तो शोधते आणि मगच पिशवीत टाकते. २०२० च्या नियमांत आपण मांसाहाराचा तपकिरी ठिपका काढून त्रिकोण केला. तेवढं मात्र झालं. त्या आजीच्या पोटात काय जातंय यापेक्षा ते कुठल्या आकारात सांगायचं, याचीच चिंता आपल्याला जास्त दिसते.

चिलीने जून २०१६ मध्ये काळे अष्टकोन छापले. साखर जास्त, मीठ जास्त, एवढंच. सोबत शाळांतली विक्री बंद केली आणि मुलांच्या डब्यांवरची कार्टून उतरवली. पहिल्या दीड वर्षात जास्त साखरेच्या पेयांची खरेदी जवळपास २४ टक्क्यांनी घटली. मग मेक्सिको, पेरू, इस्रायल त्याच वाटेने गेले. तिथे विकायला याच कंपन्या आहेत. तिथे त्या इशारा छापतात आणि धंदाही करतात. इथे मात्र त्यांना आधी तुमच्याशी चर्चा करायची असते.

आणि आपली व्यवस्था काय करते, तर फलक लावते. मे महिन्यात सीबीएसईने शाळांत 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. पाठोपाठ आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावण्याचा सल्ला दिला. नागपूरच्या एम्सवरून बातम्या उठल्या की समोसा, जिलेबी, वडापाव आता सिगारेटच्या रांगेत, आणि देशभर गहजब झाला. लगेच पत्र सूचना कार्यालयाने खुलासा केला की या सल्ल्यात कुठल्याही पदार्थावर इशारा छापायला सांगितलेलं नाही. हा खुलासा करायला मात्र मुदतवाढ लागली नाही. आता दिवाळी आहे, म्हणजे चकलीत किती कॅलरी आणि करंजीत किती, याची व्याख्यानं सुरू होतील. घरच्या डब्यातली चकली वर्षातून आठ दिवस असते हो. पाकीट बारा महिने असतं.

पंतप्रधानांनी फेब्रुवारीत 'मन की बात'मध्ये तेल १० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. घरातली बाई फोडणीतलं तेल कमी करेलही. पाकिटातलं पामतेल तिने कसं मोजायचं? देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यात सर्वांत मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियातल्या पामचा, आणि इथला सोयाबीन-भुईमूगवाला भावासाठी रडतो. २०२३ हे भरडधान्य वर्ष आपण थाटात साजरं केलं. त्यातून बाजाराने काय घेतलं, तर पुढे 'नाचणी' आणि मागे घटकांच्या यादीत पहिला शब्द मैदा. ज्वारी पिकवणाऱ्याला त्या पाकिटातून काय मिळालं, याचं लेबल कुठेच नसतं. आणि २२ सप्टेंबरपासून बिस्किटं, चॉकलेट आणि आइस्क्रीमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, फरसाण आणि नूडल्सवरचा १२ वरून ५ वर. कर आपल्या हातात नाही, मान्य. पण सरकारचा एक हात पाकीट स्वस्त करत असताना दुसऱ्या हाताने निदान त्यावर खरं लिहावं की नाही?

तेव्हा मागणी अशी. तारे रद्द करा. साखर, मीठ, संपृक्त चरबी मर्यादेबाहेर असेल तर प्रत्येकासाठी वेगळा काळा इशारा, दर्शनी बाजूला, चिन्हासह आणि ज्या राज्यात माल विकला जातो त्या राज्याच्या भाषेत. पहिल्या दिवसापासून सक्तीचा, चार वर्षांच्या ऐच्छिक सवलतीशिवाय. लहान पुडीला माफी नको, कारण मुलं तीच घेतात. मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशियासाठीच्या २०१७ च्या निकषांवर ठरवा आणि त्या ठरतील त्या खोलीत माल विकणाऱ्यांना बसवू नका. १४,००० सूचना कुणी काय म्हणून पाठवल्या, ते सगळं लोकांसमोर ठेवा. त्यात कंपन्यांच्या किती आणि आमच्यासारख्यांच्या किती, हे आम्हालाही बघायचं आहे.

खाली नावं नाहीत. आमच्यापैकी बरेच जण सरकारी सेवेत आहेत आणि वर्तणूक नियम आम्हालाही लागू होतात. आपण समजून घ्याल. तुमच्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशी इतके महिने आम्हीही समजूनच घेतो आहोत, न वाचता.

आपले,
महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांत आणि पीएसएम विभागांत काम करणारे काही जण

प्रत माहितीसाठी : केंद्रीय आरोग्य मंत्रालय. देवनारचा अभ्यास प्राधिकरणाकडे पोहोचला नसेल, तर आपल्याच संस्थेतून मागवून त्यांना पाठवावा.