एक बाप्तिस्मा, दोन वेद्या

छत्रपती संभाजीनगर : १८ ते २५ जानेवारी हा सप्ताह जगभरातील चर्चमध्ये ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनासप्ताह म्हणून पाळला जातो. कॅथोलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही परंपरांचे भाविक मोठ्या संख्येने असलेल्या मराठवाड्यात या सप्ताहाला वेगळा अर्थ आहे. येथे ऐक्याचा प्रश्न परिषदेपेक्षा घरातच अधिक वेळा उभा राहतो.

त्याची मुळे मिशनच्या इतिहासात आहेत. निजामाच्या राज्यात जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश मिशनच्या वतीने 'बेथेल' हे गाव वसविले, तर औरंगाबादेत अँग्लिकन मिशनचे काम रतनजी नौरोजी या पारशी समाजातून आलेल्या धर्मगुरूंनी उभे केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैजापूरकडील घोगरगाव येथे फ्रान्सलियन धर्मगुरू आले. प्रॉटेस्टंट मिशनांनी आपापसात प्रदेश वाटून घेण्याचा समझोता केला होता; कॅथोलिक त्यात सहभागी नव्हते. परिणामी एकाच गावात, अनेकदा एकाच भावकीत, दोन पंथ रुजले. भाषाही दोन झाल्या. एकाचा स्नानसंस्कार तो दुसऱ्याचा बाप्तिस्मा, एकाची मिस्सा ती दुसऱ्याची उपासना, एकाचे फादर तर दुसऱ्याचे पाळक.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट आदी सहा प्रवाह एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. कॅथोलिक त्यात नव्हते. १९७७ मध्ये त्यांचा स्वतंत्र औरंगाबाद धर्मप्रांत झाला. यास केवळ आडमुठेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ऐक्यविषयक आदेश संमत केला. त्यात इतर ख्रिस्ती बांधवांचा बाप्तिस्मा ग्राह्य मानला आणि त्यांच्याशी असलेले नाते खरे, परंतु अपूर्ण असल्याचे स्पष्ट केले. त्याचबरोबर सिद्धान्ताला मुरड घालून साधलेले ऐक्य खरे नव्हे, असेही बजावले. कॅथोलिकांच्या दृष्टीने प्रभुभोजन हे ऐक्य गाठण्याचे साधन होण्यापूर्वी झालेल्या ऐक्याची खूण आहे. शिवाय १८९६ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी अँग्लिकन गुरुदीक्षा अवैध ठरविली. तो निर्णय आजही कायम आहे.

हे सारे ग्रंथात ठीक. मात्र कॅथोलिक मुलगी सीएनआय कुटुंबात सून म्हणून जाते तेव्हा काय होते? विवाहासाठी धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मुलांना कॅथोलिक श्रद्धेत वाढविण्यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन तिला द्यावे लागते. पतीकडून वचन घेतले जात नाही. त्याला याची कल्पना तेवढी दिली जाते. पुढे रविवारी नवरा मिस्सेला आला तरी प्रभुभोजनाच्या वेळी बाकावरच बसून राहतो. मृत्यूसमयी किंवा तशाच गंभीर प्रसंगी, ठरावीक अटींवर, अपवादास वाव आहे; दर रविवारी नाही. त्याच्या चर्चमध्ये तिलाही तसेच बसावे लागते. श्रद्धेवर ठाम राहण्याची किंमत ही अशी असते आणि ती धर्मपंडितांपेक्षा या जोडप्यांना अधिक मोजावी लागते. त्यांना सवलत देऊन प्रश्न मिटेल, असे प्रस्तुत प्रतिनिधीस वाटत नाही. पण त्यांच्याशी या विषयावर मोकळेपणाने बोलणे तरी नियमाबाहेरचे नाही.

ज्या वादावरून सोळाव्या शतकात युरोप दुभंगला, त्या नीतिमत्त्वाच्या सिद्धान्तावर कॅथोलिक आणि लुथरन चर्चनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. म्हणजे श्रद्धा न सोडता अंतर कापता येते. वेळ मात्र लागतो. मराठीत तर साहित्याने ही वाट आधीच चोखाळली आहे. वसईचे कॅथोलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांनी मराठवाड्यातच, उस्मानाबाद येथे, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले.

निकियाच्या परिषदेला २०२५ मध्ये १७०० वर्षे झाली. पोप चौदावे लिओ आणि पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी २८ नोव्हेंबर रोजी तुर्कस्तानातील इझनिक येथे एकत्र प्रार्थना केली. त्या परिषदेतून आलेला विश्वासांगीकार कॅथोलिक आणि सीएनआय दोन्ही चर्चमध्ये मराठीतूनच म्हटला जातो. त्याचा एक समान मराठी पाठ ठरविण्यास रोमची वाट पाहावी लागेल, असे वाटत नाही.